गाडी हलकी करायची? आधी काट्यावर चढवा

ऑटोक्रॉसला (मैदानात शंकू मांडून घेतलेली वेळेची शर्यत) किंवा ट्रॅक डेला (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस) गाडी न्यायची ठरली की नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रीमॅप करू की फ्री-फ्लो एक्झॉस्ट बसवू?" पहिलं म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं, दुसरं म्हणजे धूर मोकळा जाऊ देणारा सायलेन्सर. दोन्हीला पैसे लागतात, दोन्हीमुळे वॉरंटीचा घोळ होतो आणि दोन्हीचा फायदा अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असेल तेवढाच वेळ मिळतो. वजन मात्र ब्रेक मारताना, वळताना, वळणातून बाहेर पडताना सतत तुमच्यासोबत असतं, आणि ते उतरवायला सुरुवात फुकटात होते. म्हणून पहिला हात वजनाला घाला, असं मी सांगतो.

फक्त लोक ते ज्या पद्धतीने करतात, ती मला पटत नाही. मागची सीट काढली, स्टेपनी काढली, "साठ किलो उडवले" म्हणून फोटो टाकला, आणि मग ब्रेक मारला की गाडी शेपूट का हलवते म्हणून डोकं खाजवत बसले. किती किलो उतरले हे सगळे विचारतात. कुठून उतरले हे कोणी विचारत नाही. या लेखात जास्त वेळ त्या दुसऱ्या प्रश्नावर जाणार आहे.

हिशेबासाठी एकच गाडी धरू: २०१८ मध्ये आलेली तिसऱ्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट. आपल्याकडे हौशी स्पर्धांत ती भरपूर दिसते, सुटे भाग गल्लीत मिळतात आणि मुळातच ती हलकी आहे. तुमची गाडी वेगळी असली तरी रीत तीच.

वजन उतरल्याने काय मिळतं आणि काय मिळत नाही

या स्विफ्टची ताकद ८३ पीएस (जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर) आणि वरच्या मॉडेलचं कर्ब वेट, म्हणजे माणसं-सामान नसलेल्या गाडीचं वजन, सुमारे ८८० किलो. ७५ किलोचा ड्रायव्हर बसला की ९५५. म्हणजे दर टनाला साधारण ८७ पीएस. साठ किलो उतरवले की वजन ८९५ वर येतं आणि आकडा ९३ च्या आसपास जातो. इंजिनाला हात न लावता साडेपाच पीएस वाढवल्यासारखं झालं. ० ते १०० ला बारा सेकंद लागत असतील तर नुसत्या गणिताने पाऊण सेकंद कमी.

ब्रेकचं बघा. ताशी १०० वरून गाडी थांबवताना ९५५ किलोच्या गाडीतली सुमारे ३६८ किलोज्यूल ऊर्जा डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. ८९५ किलोला हाच आकडा ३४५. फरक एका ब्रेकिंगला लहान वाटतो, पण ट्रॅकवर एका लॅपमध्ये पाच-सहा वेळा जोरात ब्रेक लागतो आणि असे सात-आठ लॅप सलग होतात. पॅड तापून पेडल मऊ पडायची वेळ पुढे ढकलली जाते, ती यामुळे.

मात्र "वजन कमी केलं की गाडी निम्म्या अंतरात थांबते" वगैरे ऐकलं असेल तर विसरा. जोरात ब्रेक मारताना थांबायचं अंतर मुख्यतः टायरची पकड ठरवते, आणि वजन कमी झालं की पकडीला मिळणारा दाबही त्याच प्रमाणात कमी होतो. थोडा फायदा होतो तो टायरच्या एका स्वभावामुळे: भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते. उलटं बघितलं तर हलक्या गाडीचा टायर प्रत्येक किलोमागे जरा जास्त पकड देतो. वळणात जो वेग वाढतो तो मुख्यतः इथून येतो. टॉप स्पीडवर तर वजनाचा परिणाम नगण्य. तिथे गाडी हवेशी भांडत असते.

हे सगळं नवीन नाही. १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ च्या हलक्या आवृत्तीत मागच्या सीट नव्हत्या, काचा पातळ होत्या आणि दार ओढायला हँडलऐवजी पट्टा होता. १९९६ ची पहिली लोटस एलिस ७२५ किलोची होती आणि १२० च्या आतबाहेरची हॉर्सपॉवर घेऊन मोठमोठ्या गाड्यांना वळणात घाम फोडायची. आपल्याकडे ज्यांनी जुनी मारुती ८०० चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. साधारण साडेसहाशे किलोची ती गाडी ७९६ सीसीत जी तरतरी दाखवायची ती इंजिनापेक्षा वजनामुळेच.

पायरी पहिली: काटा

गाडी आज किती किलोची आहे हे माहीत नसताना काहीही खोलू नका. ब्रोशरमधलं कर्ब वेट त्या मॉडेलचं असतं, तुमच्या गाडीचं नाही. तुमच्या गाडीवर सीट कव्हर, मॅट, साउंड सिस्टिम आणि सहा वर्षांचा संसार चढलेला असतो.

औद्योगिक वसाहतीत, मार्केट यार्डाजवळ किंवा वाळू-खडीच्या धंद्याजवळ ट्रकचा वजनकाटा असतोच. सकाळी लवकर जा, तेव्हा ट्रकची रांग नसते. जाताना टाकी किती भरली आहे ते लिहून ठेवा. पहिल्यांदा अख्खी गाडी फलाटावर, ड्रायव्हरसकट, पावती घ्या. मग गाडी पुढे घेऊन फक्त मागची चाकं फलाटावर ठेवा, पुढची चाकं बाहेरच्या जमिनीवर. न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, ब्रेकवर पाय नाही. नाहीतर चाकं ताणली जाऊन आकडा चुकतो. दुसरी पावती. एकूण वजनातून मागचं वजा केलं की पुढचं मिळालं. फलाट आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी. खाली उतार असेल तर दुसरा काटा शोधा.

ट्रकच्या काट्यांचं लघुतम माप बहुतेक वेळा ५ किंवा १० किलो असतं. त्यामुळे दोन किलोचा फरक तिथे दिसणार नाही, आणि तो दिसावा म्हणून परत परत जाऊन काटेवाल्याला पिडू नका. सुट्या भागांसाठी विमानाच्या बॅगा तोलायचा लटकता डिजिटल काटा घ्या, काही शे रुपयांत येतो. काढलेली प्रत्येक वस्तू त्याला अडकवायची आणि वहीत तीन गोष्टी लिहायच्या: किती किलो, पुढून की मागून, उंचावरून की खालून. बोल्ट झिपच्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव. हा कंटाळवाणा भाग आहे आणि बहुतेक लोक इथेच कच्चे राहतात.

पायरी दुसरी: अडगळ आणि सजावट

डिकी रिकामी करा. छत्र्या, पाण्याचे कॅन, क्रिकेटचं किट, गाडी पुसायची फडकी आणि शॅम्पूच्या बाटल्या, मागच्या दिवाळीत आणलेलं काहीतरी. हँडब्रेकजवळच्या आणि दारांच्या कप्प्यांतली नाणी आणि बिलंसुद्धा. वजनापेक्षा महत्त्वाचं हे की वळणात सुटलेली पाण्याची बाटली ब्रेक पेडलखाली जाऊ शकते. हौशी स्पर्धेतही तपासणीला माणूस आधी हेच बघतो.

मग सजावट. जाड रेक्झिनची सीट कव्हर आणि 'सेव्हन-डी' म्हणून मिळणारी मॅट मिळून सात-आठ किलो सहज भरतात, लटकत्या काट्यावर घालून बघा. डिकीतला सबवूफर लाकडी खोक्यासकट आणि अँप्लिफायरसकट पंधरा-वीस किलोचा असतो, आणि तोही मागच्या चाकांच्या मागे. कोकणात जाताना बसवलेला छतावरचा कॅरिअर वर्षभर तसाच असेल तर तो पहिल्यांदा काढा. सगळ्यात उंचावरचं वजन आणि वर हवेचा अडथळा. बुलगार्ड लावला असेल तर तो तसाही बेकायदा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. दहा-पंधरा किलोचं लोखंड गाडीच्या अगदी नाकावर लटकवून हँडलिंगची चर्चा करण्यात अर्थ नाही.

सीएनजीवाल्यांसाठी दोन ओळी. टाकी, पाइप, ब्रॅकेट धरून पेट्रोल गाडीपेक्षा ८० ते १०० किलो जास्त, बहुतेक सगळं मागे. किट काढायचं तर आरसीत नोंद बदलावी लागते. त्यापेक्षा स्पर्धेसाठी दुसरी गाडी बघा.

पायरी तिसरी: मैदानावर उतरवायचं वजन

इथे रस्ता आणि मैदान वेगळं करायचं. घरून गाडी सगळ्या सामानासह, कायद्यात बसेल अशी निघणार. मैदानावर पोचल्यावर ताडपत्री पसरायची, हलकं करायचं, खेळायचं, आणि परत जोडून घरी यायचं. वाटेत पंक्चर झालं आणि स्टेपनी घरी राहिली, असा शहाणपणा कामाचा नाही.

पेट्रोल: एक लिटर सुमारे पाऊण किलो. स्विफ्टची टाकी ३७ लिटरची, म्हणजे भरलेली टाकी २७-२८ किलो. मैदानावर पाव ते एक तृतीयांश टाकी घेऊन पोचा. अगदी काटा खाली टेकवू नका. लांब वळणात पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकतं, पंपाला हवा मिळते आणि इंजिन मध्येच गुदमरतं.

स्टेपनी, जॅक, पाना: लोखंडी रिमची स्टेपनी आणि हत्यारं मिळून सोळा किलोच्या आसपास.

पार्सल ट्रे: दीड-दोन किलो. हाताने निघतो.

मागची सीट: बैठक आणि पाठ मिळून पंधरा ते वीस किलो. बऱ्याच हॅचबॅकमध्ये बैठकीचा पुढचा काठ क्लिपांत अडकवलेला असतो. काठाखाली दोन्ही हात घालून सरळ वर हिसका द्यायचा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ओढताना पुढे ओढलीत तर क्लिप तुटते, वर उचलायची. मग बैठक पुढे सरकवून सीट बेल्टची बकलं फटींतून सोडवायची. पाठ बिजागरीवर बोल्टने बसलेली असते, त्याला गोटी पाना आणि लांब दांडा लागतो, कारण कंपनीत ते बोल्ट चांगलेच आवळलेले असतात. खाली पत्रा उघडा पडेल. पेट्रोल पंपाचं गोल किंवा चौकोनी झाकण बहुतेक गाड्यांत इथेच असतं; त्याचं रबर नीट बसलेलं आहे ना, पेट्रोलचा वास येतोय का, हे आत्ताच बघून घ्या. मोकळी झालेली बकलं टेपने बांधा, नाहीतर दिवसभर पत्र्यावर टकटक करतील.

पुढची डावी सीट काढायचा मोह होईल. नव्या माणसाने काढू नये, आणि त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे सीटखालून वायरी जातात. पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या यंत्रणेच्या असतात. बॅटरी न सोडवता त्यांना हात लावला तर डॅशबोर्डवर दिवा पेटून राहतो, आणि साइड एअरबॅग असलेल्या सीटमध्ये दुखापतही होऊ शकते. दुसरं कारण तोलाचं. आपली गाडी उजव्या हाताची. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. डावी सीट काढली की आधीच उजवीकडे कललेला तोल आणखी कलतो. गंमत म्हणजे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर गाड्या घड्याळाच्या दिशेने धावतात, उजवी वळणं जास्त असतात, आणि उजव्या वळणात भार डावीकडे जातो. त्यामुळे तिथे उजवीकडे जरा जड असलेली गाडी फार कुरकुरत नाही. ऑटोक्रॉसमध्ये मात्र शंकू दोन्ही बाजूंना असतात.

आता तो दुसरा प्रश्न: कुठून?

वर काढलेल्या यादीकडे परत बघा. जवळजवळ सगळं मागून निघालं. आणि पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक आधीच नाकात जड असते.

आकडे घालून बघू. समजा काट्यावर रिकाम्या स्विफ्टचे ८८० किलो पुढे ५४६ आणि मागे ३३४ असे निघाले, म्हणजे ६२ टक्के पुढे. स्टेपनी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे साधारण ४० सेंटीमीटरवर आहे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २४५ सेंटीमीटर. सोळा किलो काढल्यावर तरफेच्या नियमाने मागच्या अ‍ॅक्सलवरून साडेअठरा किलो उतरतात आणि पुढच्यावर अडीच चढतात! मागची सीट मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडी पुढे आहे. ती अठरा किलोची धरली तर मागून पंधरा-साडेपंधरा आणि पुढून अडीच उतरतात. गोळाबेरीज: पुढे होते तसेच ५४६, मागे ३००. गाडी ३४ किलोंनी हलकी झाली आणि पुढचा वाटा ६२ वरून साडेचौसष्ट टक्क्यांवर गेला.

गाडीच्या वागण्यात हे दोन तऱ्हांनी दिसतं. एका वेगात लांब वळण घेताना पुढचे टायर जास्त दमतात आणि नाक बाहेर जातं. पण वळणात शिरताना ब्रेकवर असाल किंवा पाय अचानक उचललात तर मागची चाकं इतकी हलकी पडतात की शेपूट निघते. म्हणून पहिल्या दिवशी ब्रेकिंग सरळ रेषेतच संपवायचं आणि मग स्टीअरिंग फिरवायचं. एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईबीडी (पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर वाटून देणारी) असलेल्या गाडीत मागचा ब्रेक बराच सांभाळला जातो. जुन्या, एबीएस नसलेल्या गाडीत मागची चाकं लवकर लॉक होतील. तिथे निम्मं वजनच काढा.

तोलाचा विचार करताना तीन जागा लक्षात ठेवायच्या. उंचावरचं वजन आधी काढा, कारण वळणात बाहेरच्या चाकांवर किती भार ढकलला जातो ते गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असतं. टोकांवरचं वजन त्यानंतर, नाकाचं आणि डिकीचं. खांद्यावर कावड घेऊन झटकन वळून बघा, भरलेले हंडे तुम्हाला वळूही देत नाहीत आणि वळलात तर थांबूही देत नाहीत. गाडीच्या दोन टोकांचं वजन नेमकं हेच करतं. अंतर दुप्पट झालं की हा विरोध चौपट होतो. मधलं आणि खालचं वजन, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटच्या आसपासचं, सगळ्यात शेवटी. तेवढं राहिलं तरी चालतं.

या मापाने बघितलं तर खरी किंमत बॉनेटखालच्या किलोंना आहे. नवख्याच्या आवाक्यात तिथे एकच मोठी वस्तू: बॅटरी. छोट्या पेट्रोल गाडीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी नऊ-दहा किलोची असते. लिथियम आयर्न फॉस्फेटची तीन-साडेतीन किलोत बसते. सहा किलो, तेही उंचावरून आणि नाकातून. घेताना आत संरक्षक सर्किट असलेली, गाडीसाठीच बनवलेली आणि इंजिनाच्या उष्णतेला चालेल असं स्पष्ट लिहिलेली घ्या. तुमच्या अल्टरनेटरचं चार्जिंग व्होल्टेज तिला चालतं का ते इलेक्ट्रिशियनकडून मीटरने बघून घ्या. स्वस्तातली, बिननावाची लिथियम बॅटरी गाडीत नकोच. एवढं करायचं नसेल तर बॅटरीचा नाद सोडा, सहा किलोंसाठी कोणी हरत नाही.

एसी काढून दहा-पंधरा किलो वाचतात आणि ते अगदी योग्य जागचे असतात. पण रोजच्या गाडीतला एसी काढणारा माणूस मी तरी समजू शकत नाही. पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवायलाही तो लागतो. फायबरचं बॉनेट, पॉलीकार्बोनेटच्या खिडक्या हे फक्त मैदानासाठी बनवलेल्या गाडीचं काम.

चाकं: जिथे पैसे घालायचे असतील तिथे

चाक, टायर, ब्रेक हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यावरून किंवा ट्रॅकच्या कडेच्या कर्बवरून जाताना जड चाक वर उडतं आणि उशिरा खाली येतं. तेवढा वेळ टायर जमिनीवर नीट टेकलेला नसतो. हलकं चाक रस्त्याला धरून राहतं. शिवाय चाक पुढे जातं आणि फिरतंही, म्हणून वेग घेताना त्याचं वजन जास्त मोजलं जातं.

किती जास्त? दुकानात सांगतील, चाकाचा एक किलो म्हणजे बॉडीचे दहा किलो. ही थाप आहे. सगळं वजन टायरच्या अगदी बाहेरच्या कडेवर असतं तरी एक किलो दोन किलोंएवढाच वाटला असता. खऱ्या चाकात काही वजन मध्याजवळ असतं, त्यामुळे तो आकडा एक आणि दोनच्या मध्ये कुठेतरी येतो. चारही चाकांत मिळून आठ किलो वाचले तर वेग घेताना फायदा फार तर सोळा किलोंचा. तोही चांगलाच आहे, पण दहापट वगैरे काही नसतं.

आणि अलॉय म्हणजे हलकं, हाही समज सोडा. बाजारातली कित्येक स्वस्त ओतीव अलॉय कंपनीच्या लोखंडी रिमपेक्षा जड असतात, विशेषतः साइझ वाढवलेली. १४ वरून थेट १७ इंचावर गेलेली स्विफ्ट दिसायला झकास, पण पिकअपला आधीपेक्षा मंद असते. दुकानात लटकता काटा घेऊन जा आणि रिम तोलून घ्या. दुकानदार हसेल, हसू दे. रिमवर किती भार पेलेल याचा आकडा असतो, तो तुमच्या गाडीच्या अ‍ॅक्सलच्या भाराला पुरतो का ते बघा. साइझ शक्यतो मूळचीच किंवा एक इंच वर, टायरचा बाहेरचा व्यास जवळपास तोच. हलक्या पण ठिसूळ रिमने आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्यात जीव सोडला तर वाचवलेले किलो टोईंगच्या ट्रकमध्ये बसून बघावे लागतील.

एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर मात्र आधी चांगले टायर घ्या. हलक्या रिमवरचे घासलेले टायर काही कामाचे नाहीत.

हात लावायचा नाही अशा गोष्टी

बंपरच्या आतला आडवा बीम, दारांच्या आतले बीम, एअरबॅग, सीट बेल्ट, हेडरेस्ट. बंपर उघडल्यावर आतला बीम नुसतंच वजन वाटतो. तो धडकेत गाडीचा पुढचा भाग ठरल्याप्रमाणे दुमडावा म्हणून असतो. चेसिसच्या पट्ट्यांना भोकं पाडून 'ड्रिलिंग' करणं तर साफ मूर्खपणा. सायलेन्सरवरची उष्णतारोधक पत्र्याची झाकणं शंभर-दोनशे ग्रॅमची असतात; ती काढली की वरचं गालिच्याचं कापड तापतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर पीयूसीचा आणि कायद्याचा दोन्ही प्रश्न. फ्लोअरवरची डांबरी शीट खरवडायला हीट गन घेऊन बसलेले लोक मी पाहिले आहेत; दोन दिवसांचं काम, हातात येतात काही किलो, आणि नंतर गाडीत बोलायलाही ओरडावं लागतं.

चार किंवा पाच टोकांचा रेसिंग हार्नेस हौसेने बसवू नका. रोल केज (गाडीच्या आतला पोलादी पाइपांचा पिंजरा) आणि बकेट सीट (अंगाला धरून ठेवणारी रेसिंग सीट) नसताना खांद्याचे पट्टे शरीराला सरळ बांधून ठेवतात, आणि गाडी उलटून छत दबलं तर बाजूला झुकायची सोय राहत नाही. कंपनीचा बेल्ट बरा.

कायदा थोडक्यात

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतली माहिती कंपनीने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मागची सीट काढून गाडी रस्त्यावर चालवली की आसनक्षमता बदलली, म्हणजे तुम्ही थेट या कलमात. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करील. स्टेपनीबाबत २०२० च्या नियमबदलाने सूट आहे, पण ती ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना. म्हणून मैदानावर काढा, मैदानावरच जोडा. सीटचे आणि बेल्टचे बोल्ट परत बसवताना हाताने दोन-तीन आटे फिरवून मगच पाना लावा. आटे चुकले तर बेल्ट धरणार नाही. घरी निघण्याआधी प्रत्येक बेल्टला जोराचा झटका देऊन बघा.

हलकी झाल्यावर

मागून वजन गेलं की गाडीची मागची बाजू एखाद सेंटीमीटर उचलली जाते, टायरच्या कमानीवरून मोजून बघा. मैदानावर दर वेळी अलाइनमेंट करता येत नाही, पण बदल कायमचा असेल, चाकं किंवा बॅटरी बदलली असेल, तर अलाइनमेंट करून घ्या. हवेचा दाब थंड टायरवर लिहून ठेवा आणि मागच्या टायरमध्ये एक-दोन पीएसआयने फरक करून बघा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

फरक मोजायचा तर एकाच मैदानावर, एकाच दिवशी, एकाच ड्रायव्हरने: आधी सगळ्या सामानासह तीन-चार फेऱ्या, मग हलक्या गाडीने तेवढ्याच. पहिली फेरी धरू नका, टायर थंड असतात. फोनमधलं जीपीएस टायमर ऑटोक्रॉसला पुरतं. ड्रायव्हर सुधारल्याने जो वेळ कमी होतो तो या सगळ्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे शेवटी परत एकदा जड गाडीने फेरी मारून बघा. बऱ्याच जणांना तिथे गाडीपेक्षा स्वतःबद्दल जास्त कळतं. आणि हो, ड्रायव्हरचे पाच किलोही किलोच आहेत, कुठल्याही कलमात न बसणारे.

हे सगळं करून झाल्यावर नाशिक-पुण्याकडच्या रॅलीत किंवा मोटरस्पोर्ट फेडरेशनच्या स्पर्धेत उतरायचं डोक्यात आलं तर फक्त स्पर्धेसाठी वेगळी गाडी बनवावी लागेल. तिथे हिशेब पालटतो. सीट, गालिचे, एसी, आतली प्लास्टिकं सगळं निघतं आणि त्यातले पंचवीस-चाळीस किलो पोलादी रोल केजच्या रूपाने परत आत येतात. ते वजन आनंदाने घ्यायचं. केजने बॉडी ताठ होते, सस्पेन्शनला काम नीट करता येतं आणि तुम्ही जिवंत राहता. प्रत्येक वर्गाची नियमपुस्तिका असते. किमान वजनाची अट आहे का ते गाडी फाडायच्या आधी वाचा. त्याच्याखाली गेलात तर बॅलास्ट, म्हणजे मुद्दाम घातलेलं वजन, भरावा लागतो. तशी वेळ आली तर तो सगळ्यात खाली, डाव्या बाजूच्या फ्लोअरवर ठेवा, म्हणजे तुमच्या वजनाचा तोल साधला जाईल. पत्र्याच्या खालून जाड प्लेट घेऊन आरपार बोल्टने आवळा. नुसत्या पट्ट्याने बांधलेली लोखंडी लादी तपासणीत पास होत नाही, आणि होऊही नये.